‘द डार्क साइड ऑफ द मून’चा प्रभाव नेमका कशाचा? संकल्पनेचा की ध्वनिमुद्रणाचा?

मूळ धागा (सलगश्रोता):
पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचा हा अल्बम मार्च १९७३ मध्ये आला आणि १९८८ पर्यंत बिलबोर्ड या अमेरिकी नियतकालिकाच्या खपाच्या यादीत त्याचे ७४१ आठवडे भरले. परंतु खपावरून प्रभाव मोजू नये, असे मला वाटते. त्याआधी १९६९ मध्ये ‘द हू’ या बँडने ‘टॉमी’ हा अल्बम काढला होता, पण त्याला बांधून ठेवायला एक नायक आणि एक गोष्ट होती. इथे गोष्टच नाही. निसटणारा वेळ, पैसा, मृत्यू आणि मनाचा ढळणारा तोल या विषयांवर बँडमधल्या रॉजर वॉटर्स यांनी सगळे शब्द लिहिले, गाणी एकमेकांत विरघळत जातात आणि आरंभीचे हृदयाचे ठोके शेवटी परत ऐकू येतात. मनोविकारामुळे बँडपासून दुरावलेले संस्थापक सदस्य सिड बॅरेट यांची सावलीही त्यावर आहे. कथानकावाचून पूर्ण अल्बम एका विचारावर उभा राहतो, ही वाट पुढच्यांना याच अल्बमने दाखवली, असे माझे ठाम मत आहे.

प्रतिसाद (फीतकार):
असहमत. वेळ, पैसा आणि मृत्यू इतके व्यापक विषय घेतले, तर कोणतीही दहा गाणी एका सूत्रात ओवता येतील. टिकले आहे ते लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओतले काम. ‘मनी’ या गाण्याच्या सुरुवातीचा गल्ल्याचा खणखणाट, नाण्यांचा आवाज आणि कागद फाडल्याचा आवाज वेगवेगळे मुद्रित केले गेले, मग फितीचे तुकडे फुटपट्टीने मोजून, कापून आणि चिकटवून त्यांचे एक वेटोळे केले गेले, आणि ते फिरू लागले की सात मात्रांचा ठेका तयार होत असे. आज संगणकावर आवाजाचे तुकडे जोडून गाणे बांधणारा प्रत्येक जण, त्याला ठाऊक असो वा नसो, हेच काम करत असतो.

प्रतिसाद (सलगश्रोता):
कारागिरी मी नाकारत नाही, पण ती कशासाठी राबली ते पाहावे. ‘टाइम’ या गाण्याच्या आधी एकदम वाजणारी घड्याळे ध्वनिमुद्रक ॲलन पार्सन्स यांनी जुन्या घड्याळांच्या दुकानात एकेक करून मुद्रित केली होती, आणि तीही चार दिशांच्या ध्वनीचे प्रात्यक्षिक दाखवण्यासाठी, म्हणजे या गाण्यासाठी नव्हेच. तो गजर त्या जागी बसला आणि पाठोपाठ वर्षे वाया घालवणाऱ्या माणसाचे शब्द आले, म्हणून आजही ऐकताना छातीत धस्स होते. संकल्पना नसती तर तो निव्वळ गोंगाट राहिला असता.

प्रतिसाद (स्वरलोभी):
तुम्हा दोघांच्या वादात गायिका क्लेअर टॉरी यांचे नावही आलेले नाही, याचे मला वाईट वाटते. ‘द ग्रेट गिग इन द स्काय’ या गाण्यात बँडमधल्या रिचर्ड राइट यांच्या पियानोवर एकही शब्द न उच्चारता त्या जो आक्रोश करतात, त्यापेक्षा मृत्यूबद्दल जास्त काही या अल्बममध्ये कोणी सांगितलेले नाही. त्या कामाचे त्यांना ३० पौंड मिळाले. २००४ मध्ये त्या न्यायालयात गेल्या, २००५ मध्ये तडजोड झाली आणि त्यानंतर रचनाकार म्हणून राइट यांच्या जोडीला त्यांचे नाव लागू लागले. प्रभावाची चर्चा करायची, तर एका माणसाच्या संकल्पनेइतकेच हे विलंबाने मिळालेले श्रेयही तीत आले पाहिजे.

प्रतिसाद (फीतकार):
हे मान्य, आणि ते नोंदवायचे माझ्याकडूनच राहिले. गाणी एकमेकांत विरघळतात, या सलगपणाच्या मुद्द्यावर मात्र एक हरकत उरते. माझ्याकडच्या एलपीवर टॉरी यांचा आवाज विरला की पहिली बाजू संपते. उठून, सुई उचलून, तबकडी उलटून पुन्हा बसेपर्यंत खोलीत काहीच वाजत नसते, आणि मग नाणी खणखणतात. मृत्यू आणि पैसा यांच्यामधली ती शांतता सीडीवर ऐकणाऱ्याच्या वाट्याला येतच नाही. तेव्हा सलग ऐकणे म्हणजेच मूळ अल्बम ऐकणे, असे म्हणायला मी तयार नाही.