समुद्राकाठच्या छोट्या, आडबाजूच्या हॉटेलात राहिलायत का? अनुभव लिहा

नमस्कार मंडळी. आठदहा खोल्यांची, एकाच किनाऱ्याला धरून असलेली, आजूबाजूला चिटपाखरूही नसलेली जी महागडी हॉटेलं असतात त्यात कोणी राहिलं असेल तर प्लीज सविस्तर लिहा. फोटो सगळीकडे आहेत आणि सगळे सारखेच. पोचलात कसे, समुद्रात खरंच उतरता आलं का, तिसऱ्या दिवशी कसं वाटत होतं, हे वाचायचंय.

सुरुवात मीच करते. लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून मालदीवला गेलो. तिथे एका बेटावर एकच रिसॉर्ट, आमचं अगदी छोटं होतं. आमचं विमान मालेला संध्याकाळी उतरलं, आणि सी-प्लेन फक्त उजेडातच उडतात हे बुकिंग करून देणाऱ्याने सांगितलंच नव्हतं, त्यामुळे पहिली रात्र एअरपोर्टजवळच्या साध्या खोलीत काढली आणि बेटावरच्या त्या रात्रीचे पैसेही गेले. मला अक्षरशः रडू आलं. तेव्हा तुमचं विमान दुपारी तीनच्या आत उतरेल असंच घ्या, आणि सी-प्लेनला मोठी बॅग २० किलो आणि हातातलं ५ किलो एवढंच चालतं तेही लक्षात ठेवा.

पण सकाळी त्या विमानात बसलो, पुढे पायलट चक्क अनवाणी, आणि खाली निळ्याशार पाण्यात फिकट हिरव्या बांगड्या विखुरल्यासारखी प्रवाळबेटं दिसायला लागली तेव्हा आदल्या रात्रीचं सगळं विसरले. अशा कड्यासारख्या प्रवाळबेटांना म्हणतात तो अ‍ॅटॉल हा शब्दच मुळी तिथल्या धिवेही भाषेतून जगभर गेलाय.

---

छान धागा ताई. आम्ही झांझिबारच्या पूर्व किनाऱ्यावर होतो, नऊ खोल्या. रात्री पोचलो तेव्हा लाटा पार पायरीशी आपटत होत्या, सकाळी पडदा सरकवला तर समुद्रच नाही! नुसती ओली वाळू, आणि लांब रीफपाशी, म्हणजे प्रवाळाच्या रांगेपाशी, एक पांढरी रेघ. एवढा खर्च करून आलो आणि पोहायला पाणी नाही म्हणून नवरा फार खट्टू झाला.

मग आम्ही चालत आत गेलो आणि माझ्यासाठी ट्रिपमधला सगळ्यात मोठा आनंद तोच ठरला. तिथल्या बायका ओहोटीत समुद्री शेवाळाची शेती करतात. वाळूत काठ्या रोवलेल्या, त्यांना दोऱ्या ताणलेल्या आणि दोरीला हातहातभर अंतरावर शेवाळाचे झुबके बांधलेले. एका मावशींनी खुणेनेच मला गाठ मारायला शिकवलं, माझी दोनदा सुटली, तिसऱ्यांदा बसली तेव्हा त्या इतक्या मनापासून हसल्या की विचारू नका. टूथपेस्ट दाट करायला जो पदार्थ लागतो तो ह्याच शेवाळातून काढतात.

दोन गोष्टी मात्र पाळाच. पायात रबरी बूट हवेतच, सी अर्चिन नावाच्या काटेरी समुद्री जीवाचे काटे तळव्यात मोडतात आणि माझ्या मुलाला ते भोगावं लागलं. आणि तारखा ठरवताना तिथी बघा. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, म्हणजे भरतीही मोठी आणि ओहोटीही खूप लांब, अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा फरक कमी. शिवाय भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे पहिल्या दिवशी सकाळी पोहायला मिळालं म्हणजे चौथ्या दिवशीही मिळेल असं नाही.

---

तिसऱ्या दिवसाबद्दल विचारलंय म्हणून लिहितो. मी एकटाच गेलो होतो, नेटवर्क जेमतेम, दुसऱ्या दिवशी दुपारी तर परत जावं असं वाटायला लागलं. विषुववृत्ताजवळ सूर्य जवळपास सरळ खाली बुडतो त्यामुळे संधिप्रकाश भरकन संपतो आणि एकदम मिट्ट काळोख. तिसऱ्या रात्री त्याच काळोखात वाळूवर आडवा पडलो तर दोन तास कसे गेले कळलंच नाही.

---

सेशेल्स, डिसेंबर. तिथे हॉक्सबिल कासवं भरदिवसा अंडी घालायला किनाऱ्यावर येतात, बाकी बहुतेक ठिकाणी हे रात्री चालतं. आम्ही नाश्त्याला बसलेलो आणि तिथला एक कर्मचारी हळूच येऊन म्हणाला, उभे राहू नका, मागून बघा. मग त्याने तिच्या वाटेतल्या दोन खुर्च्या आवाज न करता उचलल्या. ती मागच्या पायांनी खड्डा खणत होती, पाय अगदी ओंजळीसारखा वळवून वाळू वर काढायची, बाजूला टाकायची, मग दुसरा पाय. डोळ्यांतून चिकट पाणी वाहत होतं, शरीरातलं जास्तीचं मीठ त्यातून बाहेर पडतं म्हणे, पण बघताना घशात आवंढा आलाच. आम्ही सगळे पाहुणे मिळून दहाजण, तासभर कोणी एक शब्द बोललं नाही. मोठ्या हॉटेलात हे होणं कठीण आहे असं माझं ठाम मत आहे.

बुकिंगआधी एवढं विचाराच की खोलीसमोरचा किनारा कुठल्या दिशेला तोंड करून आहे. तिथे साधारण मे ते सप्टेंबर आग्नेयेकडून वारा वाहतो, त्या बाजूचा समुद्र खवळलेला असतो आणि वाळूवर शेवाळाचे ढीग येतात.

---

झांझिबारवाल्या ताई, तिथी बघायचं खरंच डोक्यातही आलं नसतं. आम्ही फेब्रुवारीत जायचं म्हणतोय, पाच रात्री. भांगेच्या दिवसांत गेलो तर त्या शेवाळाच्या दोऱ्यांपर्यंत चालत जाता येईल का हो? मला पोहण्यापेक्षा ती गाठ शिकायचीय.