ब्रेल डिस्प्लेवर चूक सापडते, पण खोडलं जातं भलतीकडचंच!

शब्दवेडी:
नमस्कार मंडळी, 20 सेलचा ब्रेल डिस्प्ले (स्क्रीनवरचा मजकूर उठणाऱ्या टिंबांत दाखवणारं यंत्र, एका सेलमध्ये आठ टिंबं) घेऊन तीन आठवडे झालेत, कॉम्प्युटरवर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर आहे. वाचन मस्त जमतंय, इतकी वर्षं नुसतं ऐकून वाचलं त्यात ऱ्हस्व-दीर्घ कधी नीट कळलंच नव्हतं, ते आता बोटाला लगेच लागतं. पण दुरुस्ती करायला बसले की गोंधळ. काल 'कवीता' असं लिहिलेलं सापडलं, दीर्घ ईच्या 3-5 टिंबांवर बोट होतं, त्याच सेलच्या वरचं राउटिंग बटण (कर्सर त्या सेलवर आणणारं) दाबलं, बॅकस्पेस मारला, तर 'कवीता' तशीच आणि डिस्प्लेने एकदम खालच्या परिच्छेदात उडी मारली, तिथलं एक अक्षर गायब! कधी कधी बरोबर जागी जातं, पण मग मात्रा राहते आणि शेजारचंच काहीतरी पुसलं जातं. माझं नेमकं काय चुकतंय?

जुनी_पाटी:
डिस्प्ले ठीक आहे, काळजी करू नका. कर्सर दोन असतात हे एकदा डोक्यात बसलं की सुटेल. एक खरा, जिथे टायपिंग होतं तो, आणि दुसरा रिव्ह्यू कर्सर, नुसता बघत फिरायला. ब्रेलने कुठल्या कर्सरमागे जायचं ते सेटिंग 'आपोआप' वर असेल तर तुम्ही रिव्ह्यूच्या कीज वापरून एखादा शब्द अक्षर-अक्षर तपासला की डिस्प्ले त्याच्या मागे जातो, आणि मग राउटिंग बटणाने रिव्ह्यू कर्सरच हलतो, खरा कर्सर खालच्या परिच्छेदातच बसून राहतो, बॅकस्पेस तिकडे लागतो. एनव्हीडीए + कंट्रोल + टी दाबून 'फोकस' वर आणा आणि लिहिताना तिथेच ठेवा.

आणि बटण दाबल्यावर लगेच बॅकस्पेस नको, आधी सेलच्या तळाला बोट लावून बघा. सेटिंग बदललेलं नसेल तर खऱ्या कर्सरची 7 आणि 8 दोन्ही टिंबं वर येतात, रिव्ह्यूचं फक्त 8, म्हणजे उजवीकडचं एकटंच. अर्धा सेकंद लागतो, पण मी अजूनही हे केल्याशिवाय एक अक्षर खोडत नाही.

रेघोटी:
मात्रेचं मी सांगते, त्यात मी स्वतः महिनाभर अडकले होते. बॅकस्पेस कर्सरच्या आधीचं खोडतो, त्यामुळे ज्या सेलवर बोट आहे तिथे राउट करून उपयोग नाही, पुढच्या सेलवर करायचं. म्हणजे 'कवीता' मध्ये त वर राउट करा, बॅकस्पेस एकदाच, फक्त दीर्घ ई जाते आणि व राहतो, मग ऱ्हस्व टाका. डिलीट वापरायला जाल तर बहुतेक ठिकाणी अख्खी 'वी' जाते कारण डिलीट अक्षर आणि मात्रा एकत्रच धरतो.

जोडाक्षरांना मात्र जपून हं. भारती ब्रेलमध्ये (आपल्या भारतीय भाषांच्या ब्रेलमध्ये) हलन्ताचं टिंब 4 अक्षराच्या आधी येतं आणि कॉम्प्युटरमधल्या मजकुरात हलन्त अक्षराच्या नंतर असतो, म्हणून सेल आणि अक्षर एकास एक जुळत नाहीत. तिथे मी दुरुस्तीच्या भानगडीतच पडत नाही, पूर्ण जोडाक्षर काढते आणि नव्याने लिहिते.

शब्दवेडी:
जुनी_पाटी, अगदी तेच निघालं!! तळाला बोट लावलं तर एकटं 8. फोकस वर आणल्यापासून कर्सर बोटाखाली येतोय. रेघोटी ताई, 'कविता' झाली एकदाची, खूप आभार. आता अजून एक, मघाशी एका ओळीत सगळ्याच सेलना 7-8 वर आले होते, ते काय?

जुनी_पाटी:
तो मजकूर सिलेक्ट झालाय, नकळत शिफ्ट आणि बाण दाबला गेला असेल. तशात चुकून एक अक्षर जरी टाइप केलं तरी सिलेक्ट केलेलं सगळं जाऊन त्याच्या जागी ते एकच अक्षर बसेल. आधी नुसता बाण दाबून सिलेक्शन सोडा, आणि गेलंच तर दुसरं काही टाइप न करता लगेच कंट्रोल झेड.

लांब ओळीत पुढे पॅन करता तेव्हाही लक्ष ठेवा, 20 सेलची फक्त खिडकी पुढे सरकते, कर्सर मागेच असतो. पुढचं वाचून तिथे काही लिहायचं असेल तर परत राउट करायचं, मगच टाइप.

शब्दवेडी:
हो, हेही माझ्या बाबतीत नक्की झालंय, म्हणजे तेव्हा मी दोन ओळी भलत्याच जागी लिहिल्या होत्या. आज जुने सगळे लेख काढून बसते.