बरिस्ता स्पर्धा: दोन शॉट सारखे का उतरत नाहीत?

टिळकवाडीकर
बरिस्ता, म्हणजे कॉफी बनवणाऱ्यांच्या स्पर्धेची तयारी चाललीय, बेळगावात. साचा जागतिक स्पर्धेचाच: 15 मिनिटं, चार एस्प्रेसो, चार दुधाचे कप, चार सिग्नेचर ड्रिंक (एस्प्रेसो घालून स्वतः रचलेलं पेय). चिकमगळूरची अरेबिका, 18 ग्रॅम पूड, 36 ग्रॅम शॉट (एका वेळी उतरलेला एस्प्रेसो), दोन कपांत वाटून. पहिला शॉट 28 सेकंदांत उतरतो, लगेच पुढचा 21 मध्ये, तोही आंबट-पाणचट. ग्राइंडरच्या सेटिंगला मधे हात लावत नाही. दूध गवळ्याकडचं म्हशीचं. फेस दाट येतो, पण ओतताना गोळे पडतात. सिग्नेचरला खानापूरकडची कोकमं घ्यावीत असं डोक्यात आहे. आणि बोअरचं पाणी चालेल का?

पोर्टाफिल्टर
सात सेकंदांचा फरक फार झाला. तांत्रिक परीक्षकाच्या गुणतक्त्यात शॉटच्या वेळेत 3 सेकंदांपर्यंतचा फरक चालवून घ्यायची पद्धत आहे.

आधी पूड तोला, प्रत्येक वेळी, 0.1 ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर. टायमरवाला ग्राइंडर वेळ मोजतो, वजन नव्हे. बीन्सची टाकी अर्धी झाली की वरचा दाब कमी होतो आणि तेवढ्याच सेकंदांत पूड कमी पडते. अर्धा ग्रॅम कमी पडला तरी शॉट पळतो.

वजन बरोबर असूनही 21 सेकंद आले तर पाणी पुडीतून वाट फोडतंय. सरावाला बिनतळाचा पोर्टाफिल्टर (पुडीची जाळीदार वाटी, म्हणजे बास्केट, धरणारा दांडा) लावा. बाजूला चिळकांडी उडाली तर समजायचं. गुठळ्या बारीक सुईने मोडा, टॅम्पर (पूड दाबायचा ठोकळा) सपाट दाबा. बास्केट ओली राहिली की कडेने पाणी निसटतं. पहिल्या शॉटनंतर घाईत फडकं फिरवायचं राहतं, म्हणून दुसरा शॉट बिघडतो. माझा संशय इथेच जास्त.

तक्त्यात हेच टप्पे असतात: ग्रुपमधून (मशीनचं पाणी येतं त्या तोंडातून) पाणी सोडणं, बास्केट कोरडी-स्वच्छ, पूड न सांडणं, सारखं दाबणं, कडा पुसणं, पोर्टाफिल्टर अडकवला की लगेच बटण. लाटे आर्टवर (दुधाच्या फेसाच्या नक्षीवर) महिने घालवून हे गुण सोडणारे कमी नाहीत.

सुरुवातीला 3-4 ग्रॅम पूड दळून टाका, ग्राइंडरात कालची अडकलेली असते. सेटिंग बदललं तर एक पूर्ण डोस फेकायचा, पण स्पर्धेची 15 मिनिटं सुरू व्हायच्या आधी. बीन्स भाजल्यापासून 7 ते 14 दिवसांचे घ्या. अगदी ताज्यात गॅस जास्त, धार एकसारखी पडत नाही.

शहापूरची
म्हशीचं दूध घरच्या चहाला ठेवा. फॅट 6-7 टक्के, त्यात होमोजिनाइज (साय दुधात एकजीव) केलेलं नाही. साय तरंगते, त्याचेच गोळे पडतात. शिवाय जिभेवर थर बसून कॉफीची चव दबते, आणि परीक्षक कॉफी-दुधाचा तोल बघतो. गाईचं होमोजिनाइज्ड पाकीट घ्या, साडेतीन टक्क्यांच्या आसपास. नियमावली गाईचंच दूध मागते का, तेही बघा.

दूध 4 अंशांवर, दोन कपांना 600 मिलीचा जग, चोचीच्या बुडाच्या खाली भरलेला. हवा पहिल्या काही सेकंदांतच घ्या, जग हाताला कोमट लागेपर्यंत. पुढे फक्त भोवरा, 60 अंशांना बंद. 65 च्या वर गोडी जाते आणि शिजल्याचा वास येतो. फेस करण्याआधी नळीतून वाफ सोडा, नंतर नळी पुसा, परत वाफ सोडा; तिन्हीला गुण आहेत. दूध ओतायला थांबलात तर फेस वर आणि दूध खाली, मग कितीही हलवा.

खडेबाजारवाला
बोअरचं पाणी नको, बॉयलरात क्षार साठतात. नुसतं आरओही नको: कॉफी सपाट लागते, आणि क्षार अगदीच कमी झाले तर काही मशीनच्या पातळीच्या सेन्सरला पाणी कळतच नाही. आरओत थोडं नळाचं पाणी मिसळा. एकूण कडकपणा 50 ते 175 पीपीएम, अल्कलिनिटी (आंबटपणा मारायची पाण्याची ताकद) 40 च्या आसपास. थेंबांचं तपासणी किट पुरतं. बेळगावला पाणी देणाऱ्या दोन जलाशयांचं, राकसकोपचं आणि हिडकलचं, पाणी एकच समजू नका, मिश्रण बदललं की परत तपासा.

वीज: 3 किलोवॅटचं मशीन 230 व्होल्टला 13 अँपिअर ओढतं. 6 अँपिअरच्या सॉकेटला चालणार नाही. व्होल्टेज उतरलं तर बॉयलर मागे पडतो आणि चौथ्या कपाला वाफ दमते.

कोकमाबद्दल माझं मत वेगळं. आंबटावर आंबट, एस्प्रेसो हरवतो. सिग्नेचरमध्ये चव एस्प्रेसोचीच लागायला हवी. घ्यायचंच असेल तर बिनमिठाचं आमसूल बघून घ्या, बाजारातलं बरंचसं मिठाचं असतं. 10 ग्रॅम 100 मिली कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून गाळा, कपाला 5 मिलीपासून सुरुवात, सोबत गूळ-पाणी समभाग घेऊन केलेला पाक 5 मिली. दूध घालू नका, फाटेल. मद्याला तर बंदीच आहे.

टिळकवाडीकर
ताई, पाकीट आजच आणतो. क्रम कसा ठेवू?

पोर्टाफिल्टर
एस्प्रेसो आधी, दुधाचे मग, सिग्नेचर शेवटी. जीभ ताजी असताना एस्प्रेसो जावा. एका प्रकारचे चारही कप दिल्याशिवाय पुढचा प्रकार देऊ नका. जागतिक नियमांत 15 मिनिटांनंतर सेकंदाला एक गुण जातो, आणि एक मिनिटाच्या वर गेलात की बाद. सराव साडेतेरा मिनिटांत बसवा, बोलणं धरून. कोकमाचं पाणी गाळायचं काम आधीच्या तयारीच्या 15 मिनिटांत उरका.