मदत हवी आहे: न्यायालयातली विरोधी मतं, उदाहरणं सुचवा

नमस्कार मंडळी. इंदूरच्या राजेंद्रनगरात आमचा छोटासा वाचनकट्टा आहे. पुढच्या बैठकीत न्यायमूर्तींच्या विरोधी निकालपत्रांवर (म्हणजे बहुमताचा निकाल न पटलेल्या न्यायमूर्तींनी वेगळं लिहिलेल्या मतांवर) बोलायचं काम माझ्या गळ्यात पडलंय.

सुरुवात आपल्या मध्य प्रदेशातूनच करणार: सर्वोच्च न्यायालयातला 1976 चा ए.डी.एम. (अतिरिक्त जिल्हा दंडाधिकारी) जबलपूर खटला. आणीबाणीत विनाचौकशी डांबलेल्यांना सुटकेसाठी कोर्टात दाद मागता येणार नाही, असं चार न्यायमूर्तींनी ठरवलं. एकटे एच. आर. खन्ना 'नाही' म्हणाले. जानेवारी 1977 मध्ये त्यांची ज्येष्ठता डावलून एम. एच. बेग यांना सरन्यायाधीश नेमलं; खन्नांनी राजीनामा दिला. पुढे 2017 मध्ये, खासगीपणाच्या हक्काच्या खटल्यात, नऊ जणांच्या पीठाने जबलपूरचा निकाल मोडीत काढला. आणि तसं लिहिणारे धनंजय चंद्रचूड म्हणजे 1976 च्या चौघांतल्या यशवंत चंद्रचूडांचे चिरंजीव! (इथे डुलक्या घेणारेही जागे होतील.)

अडचण पुढेच आहे. कट्ट्यावरचे एक वकील काका म्हणतात, "पुढे खरी ठरलेलीच मतं सांगता तुम्ही. बाकीच्यांचं काय?" मुद्दा बिनतोड आहे. शबरीमला मंदिरात सर्व वयाच्या स्त्रियांना प्रवेश देणाऱ्या 2018 च्या निकालातलं न्यायमूर्ती इंदू मल्होत्रांचं एकटीचं विरोधी मत घ्यावं, तर चहा येईपर्यंत भांडणंच होतील.

तर जाणकारांनो, कायद्यात कधीच न उतरलेलं, तरी वाचावंच असं भारतीय विरोधी मत कोणतं? आणि खन्नांच्या निकालपत्राचा बरा मराठी अनुवाद कुणाकडे आहे का? इंग्रजी मूळ माझ्याकडे आहे, पण ते वाचून दाखवलं तर निम्मे श्रोते चपला शोधायला लागतील.