डिव्हिडंडवाल्या शेअर्सवर घरखर्च निघतो का?

सांगलीकर
नमस्कार मंडळी. बाबा मे महिन्यात रिटायर झाले, पीएफ-ग्रॅच्युइटीचे पैसे आलेत आणि त्यातले चारेक लाख शेअर्समध्ये टाकू म्हणतायत, कारण शेजारच्या काकांनी सांगितलंय की अमुक कंपनी १००० टक्के डिव्हिडंड (नफ्यातला वाटा) देते. हे १००० टक्के म्हणजे नक्की काय? आणि रेकॉर्ड डेटच्या, म्हणजे डिव्हिडंड कोणाला द्यायचा ते कंपनी ज्या दिवशी बघते त्याच्या, आदल्या दिवशी घेऊन, डिव्हिडंड पदरात पडला की विकून टाकायचे, असं चालतं का? बाबांचे पैसे आहेत म्हणून भीती वाटते.

मुलुंडचा मी
ते १००० टक्के फेस व्हॅल्यूवर, म्हणजे शेअरच्या छापील मूळ किमतीवर असतं हो. फेस व्हॅल्यू १ रुपया असेल तर झाले १० रुपये, आणि तोच शेअर बाजारात २००० ला मिळत असेल तर हातात पडला अर्धा टक्का. बघायचं ते यील्ड, म्हणजे वर्षभराचा डिव्हिडंड भागिले तुम्ही घेतलेला भाव. कोल इंडियाने २०२३-२४ चे तीन वेळा मिळून शेअरमागे २५.५० रुपये दिले. ज्याने ४५० ला घेतला त्याला साडेपाच टक्क्यांच्या जरा वर, आणि कोविडच्या वर्षात १५० ला घेऊन गप्प बसला त्याला १७ टक्के.

आदल्या दिवशी घ्यायचं डोक्यातून काढा. एक्स-डेटला, म्हणजे ज्या दिवसापासून नवीन घेणाऱ्याला तो डिव्हिडंड मिळत नाही त्या दिवशी, साधारण तेवढाच भाव उतरतो, २०० चा शेअर ६ रुपये देणार असेल तर सकाळी १९४ च्या आसपास उघडतो, वर त्या ६ रुपयांवर तुमच्या स्लॅबप्रमाणे टॅक्स. आणि विकून झालेला तोटा डिव्हिडंडमधून वजा करता येत नाही.

ठाणेकरीण
यील्ड पण डोळे झाकून नको. वेदांतने २०२२-२३ ला शेअरमागे १०१.५० रुपये वाटले, लोक तुटून पडले. पण वर्षाच्या सुरुवातीला ४०० च्या आसपास असलेला शेअर मार्च २०२३ ला ३०० च्या खाली होता आणि पुढच्या वर्षी डिव्हिडंड आला २९.५०. एफडीचं व्याज बँकेला द्यावंच लागतं, डिव्हिडंड देणं कंपनीवर बंधनकारक नाही. म्हणून नफ्यातला किती हिस्सा वाटतायत आणि कर्ज किती आहे ते पाच-सात वर्षांचं बघा, मगच हात घाला. घरखर्चाची रक्कम एफडीत किंवा सीनियर सिटीझन स्कीममध्येच राहू दे.

टीडीएस एप्रिल २०२५ पासून एका कंपनीकडून डिव्हिडंड वर्षाला १०,००० च्या वर गेला तरच कापतात, १० टक्के. बाबांना टॅक्स बसत नसेल तर रिटर्न भरून परत मिळतो.

अजून एक, डीमॅटला बँक खातं चालू असलेलंच जोडा. आमच्या आईच्या कपाटात साड्यांच्या खाली जुन्या शेअर्सची कागदी सर्टिफिकेटं सापडली, पत्ता गिरगावच्या चाळीतला, डिव्हिडंडची वॉरंटं (चेकसारखे कागद) तिकडेच जात राहिली. सलग सात वर्षं कोणी घेतला नाही तर डिव्हिडंडच काय, शेअर्सही सरकारच्या आयईपीएफ फंडात जातात. आमचे गेले. परत मिळतात, पण कागदपत्रं जमवता जमवता दीड वर्ष गेलं.

सांगलीकर
खूप आभार दोघांचे. तीन लाख सीनियर सिटीझन स्कीमला टाकायचं ठरलं, उरलेल्या एक लाखाचं सावकाश बघू. आणि ताई, तुमचं वाचून आजोबांची ट्रंक उघडली तर १९९४ चं एक सर्टिफिकेट निघालं, ५० शेअर्सचं, कंपनीचं नाव आता बदललंय. आजोबा नाहीत, नॉमिनी कोणीच लावलेला नाही. सुरुवात कुठून करू?

ठाणेकरीण
आधी कंपनीचा रजिस्ट्रार (शेअरहोल्डरांच्या नोंदी सांभाळणारी संस्था) कोण ते तिच्या वेबसाइटवर बघा आणि सर्टिफिकेटवरचा फोलिओ नंबर देऊन त्यांना लिहा. मूळ सर्टिफिकेट कोणाच्याही हातात देऊ नका, लॅमिनेशन तर अजिबात नको.