फादर्स डे: हाताने केलेलं कार्ड की आवाज भरलेल्या स्लाइड? माझं मत स्लाइडला, बोला आता

टाय_नसलेला_बाबा

जूनचा तिसरा रविवार झाला, घरात मला दोन गोष्टी मिळाल्या. धाकटा दुसरीत आहे, त्याने कार्ड दिलं. मोठी सहावीत, तिने लॅपटॉप उघडून सहा स्लाइडचं प्रेझेंटेशन दाखवलं, प्रत्येक स्लाइडवर तिचा स्वतःचा आवाज. आणि मी दोन दिवस विचार करतोय की हे बोलावं का नको, पण बोलतोच, कार्डाने मला काहीही झालं नाही.

कार्ड म्हणजे तेच हो. निळा कार्डशीट दुमडून वरचे दोन कोपरे आत घेतले की कॉलर, मधे घोटीव कागदाचा लाल टाय, खिसा म्हणून एक चौकोन, आत काळी मिशी आणि खाली बेस्ट डॅड. मी आयुष्यात टाय दोनदा घातलाय, एकदा कॅम्पस इंटरव्ह्यूला मित्राचा आणि एकदा रिसेप्शनला भाड्याच्या सुटावरचा. मिशी मला नाहीच. सोसायटीत चार बाबांना विचारलं तर चौघांना हेच शर्टाचं कार्ड, फक्त रंग वेगळे, कारण सगळ्या आयांनी एकच व्हिडिओ बघितलेला. टाय आईने कापलेला, फेविकॉल आईने लावलेला, नाव आईने पेन्सिलने काढून दिलेलं आणि पोराने गिरवलेलं. मग ते कार्ड नक्की कोणाचं?

मोठीच्या स्लाइड दिसायला भिकार, पिवळ्यावर पांढरी अक्षरं, काही वाचता येत नाही. पण आवाज! तिसऱ्या स्लाइडला पंखा घरघरतोय, चौथीत कुकरची शिट्टी झाली तर ती मधेच "थांबा हं" म्हणून थांबली आणि शिट्टी संपल्यावर पुढे बोलायला लागली. पाचवीत मी तिला पोहायला शिकवतानाची गोष्ट, म्हणते "बाबा म्हणत होते घाबरू नको, पण माझा दंड त्यांनीच इतका घट्ट धरलेला की लाल झाला होता". हे कार्डात कसं येणार? शाळांनी आणि क्लासवाल्यांनी कार्डं बंद करून मुलांना आवाज भरायला शिकवावं असं माझं स्पष्ट मत.

कात्री_कागद

दादा, मी चित्रकला शिकवते, चौदा वर्षं झाली. तुमचा राग नमुन्यावर आहे आणि शिक्षा कार्डाला देताय. शर्ट टाय मिशी मलाही बघवत नाही, पण आईने केलं हे तुम्ही डोळ्यांनी बघितलंत का नुसता अंदाज?

दुसरीच्या मुलाच्या हातात कात्री दिली ना की ते वळण आलं की कात्री वळवतं. खरं तर कात्री सरळ ठेवून कागद फिरवायचा असतो, हे हाताला कळायला कित्येक महिने जातात. तो टाय वाकडा असेल तर तो त्या मुलाच्या हाताचा आवाजच आहे, तुमच्या मुलीच्या पंख्यासारखा.

मी वर्गात नमुना देतच नाही. बाबांच्या खिशात, पिशवीत, कामावर जे असतं त्यातलं काहीतरी आणा म्हणते. पेट्रोलची पावती आली, पासची झेरॉक्स आली, एकीने तंबाखूची पुडी आणली (ती परत पाठवली, बरोबर चिठ्ठीही). एका मुलाचे बाबा गॅरेजवाले, त्याने पाना आणला, आम्ही त्यावर पातळ कागद ठेवून वरून पेन्सिल आडवी घासली तर पान्याचा ठसा उमटला, त्यावरचा 12 आकडा सुद्धा. आत त्याने एकच ओळ लिहिली, हा पाना हरवला की बाबा सगळ्यांना ओरडतात. आता बोला.

आणि नॅरेशनचं, म्हणजे ह्या आवाज भरण्याचं, मला सांगू नका, नव्वद टक्के मुलं निबंधाच्या पुस्तकातून वाचतात, माझे बाबा आमच्या कुटुंबाचा आधारस्तंभ आहेत. तुमची मुलगी वेगळी निघाली हे तुमचं नशीब.

स्लाइडमास्तर

मी धागाकर्त्याच्या बाजूने, पण थोडं तांत्रिक, कारण इथे निम्म्या लोकांनी हे करून बघितलं नसणार. पॉवरपॉइंटमध्ये रेकॉर्ड दाबून बोलत गेलं की आवाज त्या त्या स्लाइडला चिकटतो, अख्खी एक पट्टी होत नाही. म्हणजे चौथी चुकली तर फक्त चौथी परत करायची. मुलांसाठी हे भारी आहे, त्यांचा धीर सुटत नाही. पण एक गोची, स्लाइड बदलत असताना आवाज रेकॉर्ड होत नाही, त्यामुळे मुलं बोलता बोलताच पुढचं बटण दाबतात आणि शेवटचा शब्द उडतो. वाक्य संपवा, मनात दोन आकडे मोजा, मग दाबा.

पंखा बंद करा, खिडकी लावा, कपड्यांच्या कपाटाजवळ किंवा डोक्यावरून गोधडी घेऊन बोला, भिंतींचा घुमार जातो. लॅपटॉपच्या माइकपेक्षा मोबाइलबरोबरचा साधा इअरफोन बरा. आणि चौथी स्लाइड परत रेकॉर्ड करून घ्या, कुकर काय ठेवताय.

टाय_नसलेला_बाबा

कुकर राहणार. त्यावर चर्चा नाही.

वऱ्हाडी_ठेचा

कार्ड बी नको अन् स्लाइड बी नको, हे फादर्स डेचं खूळच काऊन पाहिजे भाऊ? कार्ड विकणाऱ्या कंपन्यांनी काढलेला दिवस. अन् जूनचा तिसरा रविवार म्हणजे आमच्या विदर्भात बहुतेक वेळा शाळाच उघडलेल्या नसतात, ऊन तापलेलं असते, पोरं मामाच्या गावाला, बाप शेतात नाहीतर ड्युटीवर. आपल्याकडे श्रावणातल्या अमावस्येला पिठोरी असते, मातृदिन, ते समजू शकतो.

लाल_शाई

ठेचा दादा, खूळ म्हणा पण कंपन्यांनी काढलेला नाही. 1907 च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात मोनोंगा गावच्या कोळशाच्या खाणीत स्फोट झाला, साडेतीनशेच्या वर माणसं गेली, पुढच्या जुलैत जवळच्या फेअरमाँट गावातल्या चर्चमध्ये त्या बापांसाठी प्रार्थना झाली, ग्रेस क्लेटन नावाच्या बाईंच्या सांगण्यावरून. ते त्या गावापुरतंच राहिलं. मग 1910 च्या जूनमध्ये अमेरिकेतल्याच स्पोकेन शहरात सोनोरा डॉड यांनी सुरू केला तो आजचा दिवस, त्यांच्या वडिलांनी बायको गेल्यावर सहा मुलं एकट्याने वाढवलेली. कायद्याने दिवस ठरायला 1972 उजाडलं, राष्ट्राध्यक्ष निक्सनच्या सहीने. आईच्या दिवसाला 1914 मध्येच मान मिळाला होता. म्हणजे तिकडेही बाप मागेच.

आणि आपल्याकडे बापाचा म्हणून जो पंधरवडा आहे तो बाप गेल्यावरचा आहे. जिवंतपणी एक कार्ड मिळालं तर मिळू द्या की.

वऱ्हाडी_ठेचा

हे पंधरवड्याचं बरोबर बोललात. बाकी मत कायम.

डेकवरची_बायको

माझे मिस्टर मर्चंट नेव्हीत, आम्ही रत्नागिरीकडचे. मागच्या वर्षी लेकीने असंच आवाज भरून व्हिडिओ केला, 84 एमबीचा. जहाजावर सॅटेलाइटचं नेट, ते पण मोजून मिळणारं, नऊ दिवस तो व्हिडिओ गोल गोल फिरत राहिला आणि शेवटी त्यांनी पुढच्या बंदराला उतरून बघितला. तोपर्यंत लेक रोज विचारायची बघितला का बघितला का, आणि मी काय सांगणार. याउलट त्याच्या आधीच्या वर्षी जाताना बॅगेत घातलेलं कार्ड केबिनमध्ये बंकच्या वर चिकटवलेलं, दोन फेऱ्या झाल्या त्याला, कडा खाऱ्या हवेने मऊ पडल्यात. ते म्हणतात वॉचवरून, म्हणजे पहाऱ्याच्या ड्युटीवरून, आल्यावर पहिली नजर तिकडे जाते. त्याला ना चार्जिंग लागत ना रेंज. धागाकर्त्यांना घरी बसून लॅपटॉपवर बघायला मिळतं म्हणून आवाज थोर वाटतोय, रागावू नका.

स्लाइडमास्तर

ताई 84 एमबी पाठवायचीच गरज नव्हती, नुसता आवाज एमपी3 करून पाठवला तर मिनिटाला साधारण एक एमबी. व्हिडिओच हवा तर एक्सपोर्ट करताना रिझोल्यूशन कमी करायचं.

डेकवरची_बायको

हे नऊ दिवस आधी कोणी सांगितलं नाही हो.

रेघोटी

माझ्या बाबांना दिसत नाही, मी लहान असल्यापासूनच. त्यामुळे हा वाद वाचून लोकांना वाटेल मी आवाजाच्या बाजूने असणार. तर तसं नाही. मी तिसरीत असताना आईने मसुराची डाळ, सुतळी आणि पॉलिश पेपरचे तुकडे दिले आणि मी घराचं चित्र चिकटवलं, कौलांना सुतळी, अंगणाला पॉलिश पेपर, तुळशीला डाळ. बाबांनी बोट फिरवत फिरवत विचारलं, विहीर कुठंय? विहीर मी विसरले होते. मग दोघांनी मिळून बांगडी चिकटवली.

मोठी झाल्यावर मी पण नॅरेशनवाले स्लाइड करून बघितले. पहिल्याच स्लाइडला मी म्हणतेय "हा फोटो बघा, किती मजा आली होती". बाबा म्हणाले, कुठला फोटो? तेव्हा कळलं की आपण चित्राच्या भरवशावर बोलत असतो. परत केलं, प्रत्येक फोटोत कोण उभं आहे, कोणत्या रंगाचा शर्ट, मागे काय आहे, सगळं बोलून. ते त्यांनी खूप वेळा ऐकलं हे खरं, पण त्यात स्लाइडचं काम काय होतं? आवाजच भरायचा तर पॉवरपॉइंट कशाला, फोनवर बोलून पाठवा.

टाय_नसलेला_बाबा

ताई विहिरीचं वाचून थोडा वेळ गप्प बसलो. पण तुमच्या कार्डाची आणि आमच्या टायवाल्या कार्डाची जात एक नाही, ते तुम्ही बाबांसाठी केलेलं होतं. आणि फोटो समोर असला की पोरं जास्त बोलतात हे माझं निरीक्षण. माझ्या मुलीला नुसतं बोल म्हणलं असतं तर थँक्यू बाबा लव्ह यू बाबा, संपलं.

दुधाचा_हिशोब

जपून ठेवण्याबद्दल फार गळे काढतायत लोक म्हणून लिहितो. वडील गेल्यावर त्यांची विम्याची फाइल उघडली, त्यात मी पाचवीत केलेलं कार्ड निघालं. स्केचपेन पार फिकं पडलेलं, सेलोटेप पिवळी होऊन सुटलेली, एका बाजूला कसर लागलेली. उलटून बघितलं तर मागच्या कोऱ्या बाजूवर दुधाचा हिशोब. तारखा, लिटर, खाली बेरीज, दोन दिवस खाडा. वडिलांनी कागद वाया जाऊ दिला नव्हता. पहिल्यांदा वाईट वाटलं, मग इतकं हसू आलं की बायको आतून बघायला आली. आता मी ते कार्ड मागच्या बाजूनेच जास्त बघतो, कारण पुढे माझं अक्षर आहे आणि मागे त्यांचं.

आवाजाचं म्हणाल तर माझ्याकडे त्यांची एक कॅसेट पण आहे, नात्यातल्या एका लग्नातली. टेप बिघडलाय, दुरुस्त करणारा मिळत नाही. तेव्हा कुठलं टिकतं यावर पैज लावू नका.

आई_आणि_बाबा_मीच

एक छोटी विनंती, वर्गात कार्ड असो की स्लाइड, फक्त बाबांसाठी करा असं म्हणू नका. माझ्या मुलाने मागच्या वर्षी टायवाल्या कार्डावर आजोबा लिहिलं आणि बाईंनी खोडून बाबा केलं.

कात्री_कागद

ताई, हे बाईंचं चुकलंच. मी घरातलं कोणीही म्हणते. एकाने रिक्षाकाकांसाठी केलं होतं.

स्लाइडमास्तर

धागाकर्ते, वाद चालू द्या, पण मुलीची मूळ पीपीटीएक्स फाइल डिलीट करू नका, व्हिडिओ करून तेवढाच ठेवू नका. त्या फाइलची एक कॉपी करा, नावातलं शेवटचं पीपीटीएक्स काढून झिप लिहा, उघडा, आत पीपीटी नावाचं फोल्डर, त्यात मीडिया. प्रत्येक स्लाइडचा आवाज सुटा मिळेल. व्हॉट्सअॅपवर पाठवायचं तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर ते दाबून लहान करतं. आणि इअरफोन लावून ऐका, लॅपटॉपच्या स्पीकरवर निम्मं ऐकूच येत नाही.

टाय_नसलेला_बाबा

केलं तुम्ही सांगितलं तसं. सहा स्लाइड, सहा फाइली, फोटोंच्या गर्दीत सापडल्या. इअरफोन लावून चौथी ऐकली, कुकरवाली. शिट्टी संपते, मोठी बोलायला लागते आणि मागे, खूप लांबून, धाकट्याचा आवाज आहे, हा मला आधी कधीच ऐकू आला नव्हता. म्हणतोय "आई तू नको ना लावू, खिसा मी लावणारे, तू फक्त झाकण उघड".

बायकोला ऐकवलं. ती काही बोलली नाही, फक्त बघितलं माझ्याकडे, फेविकॉल आईने लावलेला म्हणून मी वर जे छापून बसलोय ते तिने सकाळीच वाचलं होतं.

फ्रिजवरून कार्ड काढून आणलं. खिसा उजव्या बाजूला आहे आणि उलटा चिकटवलाय, तोंड खाली.

कात्री_कागद

म्हणून विचारलं होतं, बघितलंत का म्हणून.