बारावीचा निकाल यायचाय, लेक व्हीलचेअरवर, हॉस्टेलचं आत्ताच काही करता येईल का?

लातूरची_आई: सीईटीचाही निकाल बाकी आहे, पुण्यात इंजिनिअरिंगला टाकायचं चाललंय. एका कॉलेजात फोन केला तर म्हणे आधी ॲडमिशन घ्या मग रूमचं बघू. अहो पण तिला राहता येईल अशी रूमच नसेल तर ॲडमिशन घेऊन करू काय?

चाकांवरचा: निकालासाठी थांबू नका. यूडीआयडी कार्ड (सरकारचं अपंगत्वाचं ओळखपत्र) नसेल तर आजच ऑनलाइन अर्ज टाका, तपासणीत वेळ जातो. अपंगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्याने ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्यांना सरकारी आणि अनुदानित कॉलेजांत किमान ५ टक्के जागा आहेत, पण त्या ॲडमिशनच्या, त्याने तळमजल्याची खोली आपोआप मिळत नाही. म्हणून यादीतल्या सगळ्या कॉलेजांना ईमेलच करा, फोनवरचं नंतर कोणी मान्य करत नाही.

निवृत्त_रेक्टर: आणि हॉस्टेल बघायला जाताना मोजायची टेप न्या! "रॅम्प आहे की" म्हणतात आणि बाथरूमच्या दारात खुर्ची अडकते. दार मोकळं ९० सेंमी तरी हवं, रॅम्प फूटभर चढाला बारा फूट लांब, कमोडशेजारी धरायला दांडा. दांडा बसवणं किरकोळ काम आहे हो, दार रुंद करायला मात्र सुट्टीच लागते, म्हणून आत्ताच सांगा.

लातूरची_आई: पहिले काही दिवस मी सोबत राहिले तर चालतं का?

निवृत्त_रेक्टर: प्रत्येक ठिकाणी वेगळं, त्याच ईमेलमध्ये विचारून टाका. मेस कुठल्या मजल्यावर तेही विचारा, ते सगळे विसरतात.